वरून बघायचा मासा

तर झालं असं, की लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला मी गोल्डफिश आणला. मासा, काचेचा गोल बाऊल, मूठभर निळे खडे आणि छोट्या डबीत लाल-हिरवे दाणे, असा सगळा सेटच होता. दुकानदार म्हणाला, "साहेब, याला काही लागत नाही. चार दिवसांनी पाणी बदला, चिमूटभर दाणे टाका, झालं." मला नेमकं हेच ऐकायचं होतं. कुत्रा नको, मांजर नको, याला काही लागत नाही ना, मग हाच बरा.

मासा गोलमटोल होता. डोक्यावर रासबेरीसारखा लाल फुगवटा आणि मागे पदरासारखी लांब दुहेरी शेपटी. लेकीने नाव ठेवलं लाडू. नवव्या दिवशी सकाळी लाडू पाण्यावर आडवा तरंगत होता. लेक शाळेतून यायच्या आत मी बाऊल घासून माळ्यावर टाकला आणि ती आल्यावर सांगितलं, "म्हातारा झाला होता गं तो." तिने विचारलं, "मासे नऊ दिवसांत म्हातारे होतात?" मी म्हटलं, "हे होतात."

किती धडधडीत खोटं बोललो ते मला पुढे कळलं. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या थर्स्क गावी टिश नावाचा एक गोल्डफिश होता. १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला. तो मेला १९९९ साली. त्रेचाळीस वर्षं! तो अपवाद म्हणून सोडून द्या, पण नीट ठेवला तर हा मासा दहा-पंधरा वर्षं आरामात जगतो. लाडू म्हातारा कसला, ते काही महिन्यांचं पोर होतं.

तेव्हापासून हा मासा माझ्या डोक्यात घर करून बसलाय. खरं तर वाचायला गेलो होतो "काय चुकलं" ते. पण एक धागा ओढला की दुसरा सुटतो, तसं करत करत मी पार सुंग राजवटीतल्या चीनमध्ये जाऊन पोचलो.

मुळात हा मासा सोनेरी नव्हताच. चीनमधल्या नद्या-तळ्यांत राहणारा, हिरवट करड्या रंगाचा, कार्पच्या कुळातला साधा खाण्यातला मासा. आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊबंद म्हणा. त्यात क्वचित एखादा लालसर-पिवळा निपजायचा. असं पिल्लू नदीत फार दिवस टिकत नाही, बगळ्याला ते लांबूनच दिसतं. पण माणसाच्या जाळ्यात सापडलं तर मात्र त्याचं नशीब उघडायचं. बौद्ध लोकांत जीव सोडवण्याचं पुण्य मोठं. बाजारातून जिवंत मासे, कासवं विकत घ्यायची आणि देवळाच्या तळ्यात सोडायची. त्यात असा दुर्मीळ रंगाचा जीव हाती लागला, तर तो कापून खाण्यापेक्षा सोडणं अधिक पुण्याचं वाटणं साहजिकच. दहाव्या-अकराव्या शतकात जियाशिंग आणि हांगझौ या भागातल्या तळ्यांत असे सोनेरी मासे असल्याच्या नोंदी आहेत. सू दोंगपो हा मोठा कवी हांगझौला सरकारी अधिकारी होता. त्याच्या कवितेत नानपिंग डोंगराजवळच्या देवळातल्या सोनेरी माशांचा उल्लेख येतो.

गंमत बघा, म्हणजे सुरुवात दयेने झाली. कुणी मासा "घडवायला" बसलं नव्हतं. पण एका तळ्यात सगळे सोनेरीच सोडले की त्यांची पिल्लंही सोनेरी निघण्याची शक्यता वाढते. निवड आपोआप सुरू झाली.

पुढे ती आपोआप राहिली नाही. सम्राट गाओजोंग ११६२ साली गादीवरून उतरला आणि हांगझौच्या देशौ महालात राहायला गेला. तिथल्या तळ्यात त्याने सोनेरी मासे ठेवले. राजाने केलं की दरबाराने करायचं, हे सगळीकडे सारखंच. मग हांगझौत मासे वाढवून विकणं हा धंदाच झाला. य्वे क नावाच्या लेखकाने १२१४च्या सुमारास लिहून ठेवलंय, की हे लोक आपली विद्या कुणाला सांगत नाहीत, पण म्हणे बाजारपेठेतल्या गटारातले छोटे लाल किडे खायला घालून ते माशाला सोन्याचा रंग आणतात. हे वाचून मला आपल्याकडची माशांची दुकानं आठवली. पाण्याच्या ट्रेमध्ये वळवळणारा तो लाल गोळा, ज्याला दुकानदार "वर्म्स" म्हणतात, तोसुद्धा गटारातच वाढलेला असतो. आठशे वर्षं झाली, मेनू तोच! (किड्यांनी रंग खुलतो हे खरं असेलही, पण रोगही त्याच वाटेने येतात. मी घालत नाही.)

आता खरी गोष्ट सुरू होते. मिंग राजवटीत मासा तळ्यातून उठला आणि घरात आला. अंगणात, ओसरीवर मातीच्या किंवा चिनीमातीच्या नांदी आल्या आणि त्यात मासे. या एका बदलाने माशाचं जितकं रूप पालटलं तितकं आधीच्या पाचशे वर्षांत पालटलं नव्हतं. का? तळ्यात मासा पळू शकतो, लपू शकतो आणि अन्नासाठी त्याला दुसऱ्या माशाशी स्पर्धा करावी लागते. आखूड अंगाचा, जड शेपटीचा मासा तिथे मागेच पडणार. नांदेत अन्न हातातून मिळतं, मागे लागणारं कुणी नाही. त्यामुळे जे पिल्लू तळ्यात चार दिवस जगलं नसतं, ते इथे जगलं, मोठं झालं आणि मालकाला आवडलं तर त्याची जोडीही लागली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नांदेच्या आरपार दिसत नाही. मासा बघायचा तो वरून, वाकून. आता तुम्हीच विचार करा, वरून माशाचं काय दिसतं? पाठ दिसते, पसरलेली शेपटी दिसते आणि डोकं दिसतं. साध्या माशाची उभी शेपटी वरून नुसती रेघ दिसते. पण तीच दुहेरी असली तर पंख्यासारखी उघडते. डोळे बाहेर आलेले असले तर वरून चेहरा भरतो. पाठीवरचा पर नसला तर पाठ गुळगुळीत, घडवल्यासारखी दिसते. गोल्डफिशच्या ज्या-ज्या जाती आपण "फॅन्सी" म्हणतो, त्यातल्या निम्म्याअधिक या वरून बघणाऱ्या डोळ्यांसाठी निवडलेल्या आहेत. हे कळलं तेव्हा मला लाडूची ती लांब शेपटी आठवली. मी तो बाजूने बघत होतो. तो मुळात त्या कोनातून बघायचा मासाच नव्हता.

१५९६ साली सुझौ भागातल्या झांग छियानद नावाच्या विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराने सोनेरी माशांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. (या पठ्ठ्याने चहावर आणि फुलदाण्यांतल्या फुलांवरही पुस्तकं लिहिली आहेत, त्याच सुमारास! आम्ही त्या वयात काय करत होतो ते न विचारलेलं बरं.) तो तीन, पाच, सात, अगदी नऊ शेपट्यांच्या माशांबद्दल सांगतो. आणि जमवताना पुष्कळ जमवा, पण निवडताना कडक राहा, असं त्याचं सांगणं आहे. उन्हाळ्यात ढिगाने मासे विकत घ्या, रोज त्यातले डावे काढत जा, शंभरात एकदोन उरले पाहिजेत. त्या एकदोनांचं कौतुक त्याने भरभरून केलंय. बाकीच्या अठ्ठ्याण्णवांचं काय, हा प्रश्न त्याला पडलेला नाही. पुस्तकाचा तो विषयच नव्हता म्हणा.

त्या दुहेरी शेपटीचं कोडं अगदी अलीकडे, २०१४ साली सुटलं. तैवानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की कॉर्डिन नावाच्या जीनमधल्या एका बिघाडामुळे शेपटी दुभंगते. तपासलेल्या सगळ्या दुहेरी शेपटीच्या जातींत बिघाड तोच, म्हणजे मूळ एकच. एरवी हा जीन बिघडला तर मासा जगणं कठीण. पण गोल्डफिशच्या पूर्वजात सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी सगळे जीन दुप्पट झाले होते. त्यामुळे या जीनच्या दोन प्रती होत्या. एक बिघडली, दुसरीने वेळ मारून नेली. एखाद्या घरात एक भाऊ वाया जातो आणि दुसरा घर सांभाळतो ना, तसंच.

विसाव्या शतकात चीनमध्येच चन झेन नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले. अमेरिकेत मॉर्गनच्या प्रयोगशाळेत शिकून आले आणि परत येऊन त्यांनी फळमाशीऐवजी गोल्डफिश हातात घेतला. १९२८ साली त्यांनी दाखवलं, की ठिपक्यांचा कॅलिको मासा ही वेगळी जात नाही. साधा आणि पारदर्शक खवल्यांचा अशी जोडी लावली की पिल्लं सगळी ठिपक्यांची. पण दोन ठिपक्यांचे एकत्र आणले तर चारात एक साधा, दोन ठिपक्यांचे आणि एक पारदर्शक, म्हणजे मेंडेलचं अगदी शाळेतलं गणित. कॅलिको कॅलिकोपासून कधीच "शुद्ध" निघत नाही. हांगझौच्या त्या धंदेवाल्यांनी हे बघून कपाळावर हात मारला असता, नाही तर हसले असते, की हे तर आम्हाला केव्हाचं ठाऊक होतं.

जपानमध्ये हा मासा १५०२ साली साकाई बंदरात उतरला, असं तिथलं १७४८चं मासे पाळण्यावरचं एक पुस्तक सांगतं. जपान्यांनी या माशाचं जे केलं त्यावर वेगळा लेख होईल, इथे दोनतीनच गोष्टी सांगतो. नाराजवळच्या कोरियामा गावात १७२४ साली यानागिसावा घराण्याची बदली झाली आणि त्यांच्याबरोबर मासे आले. लहान हुद्द्याचे सामुराई पोटाला जोड म्हणून मासे वाढवायला लागले. पुढे मेइजी काळात सामुराईंची तनखे बंद झाली, तेव्हा याच जोडधंद्याने कित्येकांना तारलं. तलवार ठेवून हातात जाळी घेतलेला सामुराई डोळ्यांपुढे आणा! ते गाव आजही गोल्डफिशचं गाव म्हणूनच ओळखलं जातं.

दुसरी गोष्ट ओरांडाची, म्हणजे आमच्या लाडूच्या जातीची. ओरांडा म्हणजे जपानी उच्चारात हॉलंड. माशाचा हॉलंडशी काडीचा संबंध नाही, तो चीनकडून आलेला. पण त्या काळी युरोपियांपैकी फक्त डच लोकांनाच जपानात व्यापाराची मुभा होती, त्यामुळे जे काही परदेशी, अजब, ते "डच". आपल्याकडे नाही का मोठी कोंबडी, मोठी चिंच, सगळं "विलायती" असायचं!

तिसरी गोष्ट तोसाकिनची. कोची प्रांतातली ही जात. शेपटीच्या दोन्ही कडा पुढे वळून उलगडलेल्या, वरून पाहिलं तर फूलच. ही शेपटी यावी म्हणून पिल्लं उथळ, गोल भांड्यात वाढवतात. सतत गोल फिरून शेपटीला तो वळसा येतो. म्हणजे भांड्याचा आकार अक्षरशः माशाच्या अंगावर उमटतो. १९४५चे बॉम्बहल्ले आणि १९४६चा नानकाई भूकंप यांत ही जात जवळजवळ संपली होती. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मासे उरले, त्यांच्यापासून ती पुन्हा उभी केली. हे वाचल्यावर माझी पंचाईत झाली. ज्या माणसांनी माशाला गोल भांड्यात फिरवत ठेवलं, त्यांनीच भूकंपातून त्याची जात वाचवली. त्यांना नावं ठेवू की हात जोडू?

युरोपात मासा सतराव्या शतकात पोचला आणि तिथे त्याची गाठ काचेशी पडली. अठराव्या शतकापर्यंत तो बड्या घरांत शिरला होता. होरेस वॉल्पोलची मांजर १७४७ साली गोल्डफिशच्या चिनी हंड्यात बुडून मेली आणि तिच्यावर थॉमस ग्रेने कविता लिहिली. मांजरीवर लिहिली, माशांवर नाही. काच स्वस्त होत गेली तसा गोल बाऊल घरोघरी आला. मासा आता बाजूने दिसायला लागला, पण पाणी किती कमी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

खरं तर उत्तर फार लवकर सापडलं होतं. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४९-५० साली बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाची रोपं ठेवली. रोपांची पानं कुजून पाणी घाण व्हायला लागलं, तेव्हा त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, पाणी निवळलं. मासा, वनस्पती आणि सफाई करणारा असा तिघांचा संसार बसला. आजच्या फिशटँकच्या जन्मकथेत हा प्रयोग आहे आणि त्यातले मासे गोल्डफिशच आहेत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एवढं कळलेलं असताना मी लाडूला तीन लिटर पाण्यात, रोप नाही, फिल्टर नाही, असा ठेवला होता.

तो कशाने मेला ते आता मला माहीत आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. टँकमध्ये ठराविक जिवाणू वाढलेले असले तर ते त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. नव्या बाऊलमध्ये ते नसतात. मासा स्वतःच्याच विषात पोहत राहतो. चौथ्या दिवशी मी सगळं पाणी ओतून थेट नळाचं भरलं, म्हणजे वर क्लोरीन. आणि पोरगी प्रेमाने दिवसातून पाच वेळा दाणे टाकत होती. या माशाला जठर नसतं, पुढ्यात आलेलं तो खातच राहतो.

आणि तरी तो नऊ दिवस टिकला, हेच मला जास्त लागतं. कारण हा मासा विलक्षण चिवट आहे. हिवाळ्यात तळं गोठून पाण्यातला ऑक्सिजन संपला तर गोल्डफिश आणि त्याचा भाऊ क्रूशियन कार्प अंगातल्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात आणि तग धरून राहतात. हे कसं घडतं ते ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली उलगडून दाखवलं. दुसरा कुठला मासा असता तर बाऊलमध्ये दोन दिवसांत मेला असता, आणि कदाचित बाऊलची फॅशनच आली नसती. बिचाऱ्याचा चिवटपणाच त्याच्या मुळावर आला. "याला काही लागत नाही" हे वाक्य त्यातूनच आलंय. इटलीत मोन्झा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली गोल बाऊलवर बंदी घातली तेव्हा लोक हसले होते. मीही हसलो असतो, लाडूच्या आधी.

आपल्याकडे मध्यंतरी फेंगशुईची लाट आली होती, आठवतंय? आठ सोनेरी आणि एक काळा. काळा मासा मेला तर म्हणे घरावरचं संकट त्याने घेतलं. चिनी भाषेत "मासा" आणि "सुबत्ता" यांचा उच्चार सारखा, त्या कोटीवर हे सगळं उभं आहे. आपल्याला कोटी कळत नाही, पण काळा मासा आणतो. दुकानातला तो ब्लॅक मूर, बटाट्यासारखे डोळे असलेला, त्याला धड दिसतही नाही. सोबतचे चपळ मासे दाणे पळवतात आणि तो उपाशी राहतो. संकट कसलं घेतोय!

आता आमच्याकडे साडेतीन फुटी टँक आहे. त्यात दोनच मासे, दोन्ही कॉमेट. ही एकेरी शेपटीची, लांब अंगाची अमेरिकन जात. रांचू, बबल आय यांचा मोह होतो, पण ते सांभाळण्याइतका मी हुशार नाही. गोल अंगाच्या माशांत आतडी आणि हवेची पिशवी दाटीवाटीने बसलेली असतात, जरा जास्त खाल्लं की मासा उलटा तरंगतो. फिल्टर चालू असतो. दाणे आधी भिजवून दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच. आठवड्यातून एकदा पाव पाणी काढून रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी भरतो. उन्हाळ्यात मात्र टँक खिडकीपासून लांब सरकवावा लागतो. थंड मुलखातला जीव, त्याला एप्रिल-मे जड जातो.

कंटाळा आला म्हणून लोक हे मासे तळ्यात सोडून देतात. पुण्य मिळतं असंही वाटत असेल. पण अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल गावाला २०२१ साली लोकांना हात जोडून विनवावं लागलं, की तलावात गोल्डफिश सोडू नका. तिथे ते भलेमोठे होऊन तळ उकरत पाणी गढूळ करत होते. पिढ्या उलटल्या की अशा तळ्यांतल्या माशांचा रंगही उतरत जातो. सोनेरी पिल्लं बगळ्यांनी आधी टिपली, की उरतात ती हिरवट करडी.

ती तशीच तर जन्मतात. हे मला अगदी उशिरा कळलं. सोनेरी माशांच्या अंड्यांतूनही पिल्लं बाहेर येतात ती मळकट रंगाची. सोनं चढायला आठवडे, महिने लागतात, आणि काहींना ते कधी चढतच नाही.

लेक आता बारावीला आहे. मागच्या महिन्यात तिला मी लाडूचं खरं काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, बाऊल माळ्यावर आहे ना अजून? त्यात मनीप्लांट लावू." लावलाय. बरा वाढतोय. उद्या रविवार, टँकचं पाव पाणी बदलायचंय, बादली भरून ठेवतो.